हुशार होता, मग अडलं कुठं?



निकाल लागला की आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. शाळेच्या फळ्यावर पहिल्या पाचांची नावं लागतात, चौकात फ्लेक्स झळकतो, पेढे वाटले जातात. पुढे त्या मुलांचं कॉलेजात काय झालं हे मात्र कुणी फळ्यावर लिहीत नाही. आज मी त्याच ‘पुढे’बद्दल लिहिणार आहे. हा लेख लिहायला मला बराच वेळ लागला, कारण यात माझीही चूक आहे.

मी तालुक्याच्या गावी गणित आणि विज्ञान शिकवतो. शाळेला जोडूनच ज्युनिअर कॉलेज आहे, त्यामुळे काही मुलं पाचवीपासून बारावीपर्यंत डोळ्यांसमोर असतात. त्यातलाच हा एक मुलगा.

जुलै महिना होता. संध्याकाळी सातच्या सुमारास त्याचे वडील घरी आले. पावसात भिजलेले. दारातच उभे राहिले. “बसा की आबा,” म्हटल्यावर खुर्चीच्या कडेला टेकले. चहा आला, पण कप हातातच राहिला. मग म्हणाले, “सर, पोरगं पुण्याहून आलंय, आठ दिस झालं. खोलीतनं बाहेर येईना. चार विषय राहिल्यात म्हणतंय. जेवायला बी धड येईना. तुम्हीच म्हणला हुता की, ह्याला काय अवघड न्हाई म्हणून.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ते नुसतं विचारत होते. पण मला ते लागलं. कारण हे वाक्य मी खरंच म्हणालो होतो. एकदा नाही, सात वर्षं म्हणत होतो. पालक सभेत, निरोप समारंभात, पेढे खाताना. शिक्षणासाठी कर्ज काढलेलं, मेसचे पैसे डेअरीला दूध घालून पाठवत होते. त्या सगळ्याच्या मुळाशी माझं ते एक वाक्य होतं.

शाळेतला तो

या मुलाला गणित एकदा सांगितलं की यायचं. मी फळ्यावर दुसरी पायरी लिहीपर्यंत त्याचं उत्तर तयार. दहावीला ९४ टक्के, बारावीला गावात पहिला. त्याला वहीत काम करताना मी फारसं पाहिलं नाही, कारण गरजच पडत नव्हती. परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक वाचायचं आणि पेपरात उतरवायचं, एवढ्यावर त्याचं सगळं भागायचं. बाकीच्या मुलांना मी म्हणायचो, “बघा, याला म्हणतात डोकं!”

आज विचार करतो तेव्हा वाटतं, सात वर्षांत मी त्याला एकही असं गणित दिलं नाही जे त्याला येणार नाही. साठ मुलांच्या वर्गात माझं सगळं लक्ष मागे पडणाऱ्यांकडे. हा पुढे आहे ना, मग याची काळजी नाही. त्यामुळे अडणं म्हणजे काय, अडल्यावर बसून राहायचं कसं, कुणाला विचारायचं, याचा सराव त्याला कधी झालाच नाही.

रविवारी प्रयोगशाळेत

त्या रविवारी मी त्याला शाळेत बोलावलं. घरी आई-वडिलांसमोर तो बोलला नसता. प्रयोगशाळेत दोघंच बसलो. पहिला अर्धा तास तो टेबलावरच्या नळीशीच खेळत होता. मीही काही विचारलं नाही. मग हळूहळू सांगायला लागला.

पहिल्याच महिन्यात एम-वनच्या तासाला त्याला काही कळलं नाही. शिकवणं इंग्रजीत, वेगही जास्त. शेजारची मुलं माना डोलावत होती. त्याला वाटलं, सगळ्यांना कळतंय, फक्त मलाच नाही. “सर, मला वाटलं मी हुशार नव्हतोच. गावात होतो म्हणून पहिला होतो.” हात वर करून विचारायची लाज वाटली. विचारलं तर सगळ्यांना कळणार याला येत नाही. मग तो तासाला मागे बसू लागला. मग तासच चुकवू लागला. घरी फोनवर मात्र “बरं चाललंय” असंच सांगायचा. पहिल्या सत्रात दोन विषय राहिले, ते त्याने घरी सांगितलंच नाही. दुसऱ्या सत्रात आणखी दोन. वर्ष गेलं.

मी विचारलं, “अरे, अभ्यास कसा करत होतास?” तर म्हणाला, “वाचत होतो, सर. पण अभ्यास कसा करायचा हेच मला माहीत नव्हतं.”

आणि शेवटी मी विचारलं, “कॉम्प्युटरच का घेतलंस?” तो थोडा थांबला आणि म्हणाला, “मार्क होते म्हणून. दुसरं काही घेतलं असतं तर मार्क वाया गेले असते ना.”

हे ऐकून मी गप्प झालो. कारण हा सल्लाही आमचाच. आपण मुलाला काय आवडतं ते विचारत नाही. मार्कांच्या मानाने सगळ्यात ‘वरचं’ काय मिळतंय ते बघतो आणि तिथे घालतो.

बुद्धी आणि प्रेरणा : संशोधन काय म्हणतं?

या प्रसंगानंतर मी थोडं वाचन केलं. त्यातलं जे मला उपयोगी वाटलं ते थोडक्यात मांडतो.

बुद्धिमापनाची पहिली नावाजलेली चाचणी आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी थिओडोर सिमोन यांनी १९०५ मध्ये फ्रान्समध्ये तयार केली. तिचा हेतू होता, शाळेत कुणाला जादा मदत लागेल ते ओळखणं. हुशार मुलांची रांग लावायला ती बनवलेली नव्हती. बुद्धी कायमची ठरलेली असते या मताला बिने यांचा स्वतःचाच विरोध होता. पुढे १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी त्या चाचणीची स्टॅनफर्ड-बिने ही आवृत्ती काढली. १९२१ पासून त्यांनी चाचणीत खूप वर आलेल्या सुमारे दीड हजार मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यातली बरीच मुलं आयुष्यात चांगली स्थिरावली. पण गंमत अशी की, निवडीच्या वेळी चाचणी देऊनही जी मुलं यादीत बसली नाहीत, त्यांतल्या दोघांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ.

आता कॉलेजबद्दल. २०१२ मध्ये मिशेल रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर झालेलं तेरा वर्षांचं संशोधन एकत्र करून तपासलं. बुद्धिमत्ता आणि कॉलेजातले गुण यांचा सहसंबंध त्यांना ०.२० च्या आसपास मिळाला. गणिताच्या मास्तरच्या सवयीने मी त्याचा वर्ग केला, तर ०.०४. म्हणजे मुलामुलांच्या गुणांत जो फरक पडतो त्यातला जेमतेम चार टक्के भाग. सगळ्यात जास्त संबंध मिळाला तो ‘या विषयात मी एवढे गुण मिळवू शकतो’ या विश्वासाशी, ०.५९. कंटाळा आला, अवघड गेलं तरी काम चालू ठेवण्याची सवय, ही गोष्टही वरच्या फळीत होती.

पण इथे एक सावधगिरी. यावरून ‘बुद्धीचा काही उपयोग नाही’ असं म्हणू नका. पोलीस भरतीचं उदाहरण घ्या. पुरुषांसाठी उंचीची अट १६५ सेंटिमीटर. बुटकी मुलं तिथेच बाहेर पडतात. आत आलेली सगळी उंचच. आता त्यांची १६०० मीटर धाव घेतली, तर कोण पुढे येईल ते उंचीवरून सांगता येईल का? नाही. तिथे सराव आणि दम बोलतो. कॉलेजचं तसंच आहे. दहावी, बारावी, सीईटी अशा चाळण्यांतून मुलं तिथे पोचलेली असतात. म्हणजे बुद्धी मुलाला दारापर्यंत नेते. आत गेल्यावर सगळेच थोडेफार हुशार असतात, त्यामुळे फरक पडतो तो दुसऱ्या गोष्टींनी. आणि तो विश्वास म्हणाल, तर तोही हवेतून येत नाही. आधी मिळालेल्या गुणांतून, आधी सोडवलेल्या अवघड गणितांतून तो येतो.

‘हुशार आहेस’ म्हटल्याने काय होतं?

मला सगळ्यात जास्त टोचला तो क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांचा १९९८ चा अभ्यास. पाचवीच्या मुलांना काही कोडी सोडवायला दिली. सोडवल्यावर काहींना सांगितलं, “तू हुशार आहेस.” काहींना सांगितलं, “तू चांगली मेहनत घेतलीस.” मग मुद्दाम खूप अवघड कोडी दिली. त्यात सगळेच अडले. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी सोपी दिली. तर ज्यांना हुशार म्हटलं होतं त्यांची कामगिरी आधीपेक्षा खाली आली, मेहनतवाल्यांची वर गेली. आणि आपले गुण दुसऱ्या मुलांना लिहून कळवायला सांगितलं, तेव्हा ते वाढवून सांगणारी मुलंही ‘हुशार’वाल्या गटात कितीतरी जास्त निघाली.

“बरं चाललंय” असं फोनवर सांगणारा माझा विद्यार्थी मला इथे दिसला. तो खोटारडा नव्हता. हुशारी हीच त्याची ओळख आम्ही करून ठेवली होती. ती गेली तर हातात काय राहणार, म्हणून तो लपवत होता.

अर्थात, हाही जादूचा मंत्र नाही. ‘बुद्धी वाढवता येते’ हा विचार छोट्या ऑनलाइन सत्रांतून देऊन अमेरिकेत हजारो नववीच्या मुलांवर प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. अभ्यासात मागे असलेल्या मुलांना फायदा झाला, पण तो लहानसा होता. भिंतीवर सुविचार लावून किंवा एक व्याख्यान ठेवून मूल बदलत नाही, हे आपल्याला अनुभवानेही माहीत आहे.

प्रेरणेबद्दल एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांचं म्हणणं मला पटलं. माणसाला आतून काम करावंसं वाटायला तीन गोष्टी लागतात असं ते मांडतात. हे मी निवडलंय ही भावना, हे मला जमतंय ही भावना, आणि इथे माझं कुणीतरी आहे ही भावना. आता त्या मुलाकडे बघा. शाखा मार्कांनी निवडलेली. जमत नव्हतं. आणि त्या शहरात विचारायला कुणी नव्हतं. तिन्ही जागा रिकाम्या. मग त्याला ‘आळशी’ म्हणण्यात काय अर्थ?

दुसरी एक मुलगी

त्याच्याच आगेमागे एक मुलगी होती. दहावीला ६१ टक्के. तिच्या वडिलांना मीच सांगितलं होतं, “सायन्सला नका घालू, झेपणार नाही.” तिने ऐकलं नाही. तिला झाडांचं वेड होतं. बांधावरची कुठली वेल कशावर औषधी ते आजीकडून शिकलेली. बारावी कशीबशी झाली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी बीएस्सीला गेली. कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजनेत ग्रंथालयात रोज काम करायची.

ही योजना आपल्याकडे रुजली ती कर्मवीर भाऊराव पाटलांमुळे. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्याला कॉलेज सुरू केलं, तेही याच तत्त्वावर. खेड्यातून आलेल्या, घरात शिक्षणाची परंपरा नसलेल्या मुलांना बुद्धी कमी आहे असं कर्मवीरांनी मानलं नाही. राहायला जागा, हाताला काम आणि पाठीशी माणूस दिला तर ही मुलं शिकतात, हे त्यांनी करून दाखवलं.

या मुलीचाही पहिल्या वर्षी एक विषय राहिला, केमिस्ट्री. पण ती दुसऱ्याच दिवशी मॅडमकडे गेली आणि विचारलं, “मॅडम, माझं कुठं चुकलं ते दाखवता का?” तिची एक चुकांची वही होती. चुकलेलं प्रत्येक उदाहरण त्यात, आणि पुढे ‘का चुकलं’ ते एका ओळीत. मी ती वही पाहिली आहे. शाळेत तिला रोजच काहीतरी अडायचं, त्यामुळे अडण्याची भीती उरली नव्हती. पुढे ती एमएस्सी झाली, बॉटनीत.

आज ती तासिका तत्त्वावर शिकवते. पगार वेळेवर होत नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण मेहनत केली की सगळं मिळतंच असं मुलांना सांगणं खोटं ठरेल. पैसा, इंग्रजी, नोकरीच्या जागा या गोष्टी मुलाच्या जिद्दीवर सोडून आपण मोकळे होऊ शकत नाही. पण कॉलेजचा जो टप्पा होता तो तिने पार केला, आणि मी ‘झेपणार नाही’ म्हटलं ते चूक होतं. एकाला मी डोक्यावर घेतलं, दुसरीला खाली ठेवलं. दोन्ही वेळा मी फक्त मार्क पाहिले.

मी काय बदललं

वर्गात मी चार गोष्टी सुरू केल्या. मोठं काही नाही.

१. दर शनिवारी एक ‘अडणारं’ गणित. पहिल्या नंबरालाही येऊ नये असं. उत्तर आलं नाही तरी चालेल, कुठपर्यंत पोचलात ते लिहायचं. सुरुवातीला हुशार मुलंच चिडायची. दोघं-तिघं तर रडवेली झाली. आता सरावली आहेत.

२. ‘हुशार आहेस’ हा शब्द जपून वापरतो. त्याऐवजी काय केलं ते सांगतो. “तू आकृती काढून बघितलीस, म्हणून सुटलं.” पुढच्या वेळी काय करायचं ते मुलाला त्यातून कळतं.

३. अभ्यास कसा करायचा हे शिकवतो. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवलं की उतारा परत परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्याने मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे असतात. म्हणून तासाची शेवटची पाच मिनिटं पुस्तक बंद. आज काय शिकलो ते कोऱ्या कागदावर.

४. बारावीच्या मुलांना जाण्याआधी मराठी-इंग्रजी संज्ञांची वही करायला लावतो. ‘अवकलन’ म्हणजेच ‘डिफरन्शिएशन’ हे माहीत असलेलं मूल पहिल्या तासाला बिचकत नाही. आणि सप्टेंबरमध्ये प्रत्येकाला एक फोन करतो. ‘कसं चाललंय?’ असं विचारत नाही, कारण उत्तर ‘बरं’ असंच येतं. ‘या आठवड्यात काय कळलं नाही?’ असं विचारतो.

पालकांनाही एवढंच सांगतो. ‘किती पडले?’ विचाराच, पण त्याआधी ‘कुठं अडलं?’ विचारा. मुलाने ‘नाही जमलं’ म्हटलं तर पहिल्या मिनिटात फीचा आकडा काढू नका. तो आकडा त्याला पाठ असतो. आणि शाखा निवडताना मार्क वाया जातील ही भीती बाजूला ठेवून एकदा त्याला विचारा, तू काय करताना वेळ विसरतोस?

त्या मुलाचं पुढे

त्या पावसाळ्यात तो शाळेत येऊन बसायचा. आम्ही एम-वन मिळून काढलं. मलाही बरंच विसरायला झालं होतं. त्याच्यासमोर मी अडलो, पुस्तक उघडलं, चुकलो, खोडलं, पुन्हा केलं. मला वाटतं सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. सर पण अडतात, हे त्याने पहिल्यांदा पाहिलं. पुन्हा परीक्षा दिली, एक विषय परत राहिला, परत दिला. चार वर्षांचं इंजिनीअरिंग पाच वर्षांत झालं. फ्लेक्स लागला नाही. आबा मात्र पेढे घेऊन आले आणि म्हणाले, “सर, ह्या बारीला पोरानं स्वतः केलं.”

परवा शनिवारी आमच्या दहावीतली पहिल्या नंबरची मुलगी वही घेऊन माझ्या टेबलाशी आली. वर्गासमोर, मोठ्याने म्हणाली, “सर, मला हे येत नाही.” मी ते गणित फळ्यावर घेतलं. अर्धा तास गेला, उत्तर काही आलं नाही. सोमवारी पुन्हा बघायचं ठरलंय.

तुमच्या वर्गातल्या, घरातल्या पहिल्या नंबराला शेवटचं कधी काय अडलं होतं? आठवून बघा. आठवत नसेल तर या आठवड्यात त्याला एखादं न येणारं गणित द्या, आणि शेजारी बसा.